मृगाआधी स्लॅब : उरलेले दिवस कुठून काढायचे

खालापूर आणि कर्जत तालुक्यांत घर बांधणाऱ्याला मुदत कुणी कागदावर लिहून द्यावी लागत नाही. ती पावसाने दिलेली असते. माथेरान आणि बोरघाटाच्या पायथ्याचा हा पट्टा वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. एकदा लागला की मोकळ्यावरचं बांधकाम गणपतीपर्यंत विसरायचं. जुन्या हिशेबाने मृग ७-८ जूनला लागतो, आणि हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी पाऊस मुंबईत येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत पोचला. १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. अर्धवट भिंती आणि उघड्या सळया घेऊन बसलेल्या घरमालकांचे त्या आठवड्यात फार हाल झाले. म्हणून माझा पहिला आग्रह असा : यापुढे मुदत मृगाची धरू नका, २० मेची धरा.

हा लेख ज्यांचं जोतं भरून झालंय, मार्च उजाडलाय आणि ठेकेदार ‘होऊन जाईल’ म्हणतोय, त्यांच्यासाठी आहे. ठेकेदार खोटं बोलत असतो असं नाही. त्याने पन्नास घरं अशीच पुरी केलेली असतात. पण ‘होऊन जाईल’ मध्ये पुढे काय काय होतं ते दर मे महिन्यात या भागात दिसतं. शेवटच्या पंधरवड्यात दुप्पट माणसं, रात्री हॅलोजन लावून काम, वाटेल त्या भावाने विटा, आणि सातव्या दिवशी खोललेली सेंटरिंग. पैसा जातो, दिवस मात्र हाती लागत नाहीत. कारण दिवस वाचवायची वेळ मे नव्हे, मार्च आहे. आणि ते कुठेही वाचवून चालत नाहीत. ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख अवलंबून आहे त्या साखळीतूनच ते काढावे लागतात, आणि त्या साखळीतले काँक्रीटचे दिवस तर आपले नसतातच.

आधी कागद घ्या. उरलेलं प्रत्येक काम लिहा, त्याच्यापुढे दिवस लिहा, आणि त्याच्याआधी कोणतं काम संपायलाच हवं तेही लिहा. हा तिसरा रकाना लोक सोडून देतात, खरा हिशेब तिथेच असतो. उदाहरणासाठी सहाशे-सातशे चौरस फुटांचं, एकमजली, कॉलम-बीमवर स्लॅब असलेलं घर धरू आणि १ मार्चपासून दिवस मोजू. कॉलमची सळई, साचा आणि भरणी यांना ८ दिवस. कॉलमवर पाणी मारत थांबण्याचे ७. बीम आणि स्लॅबची सेंटरिंग १०. सळई बांधणं ५. विजेचे पाइप २. स्लॅब टाकायचा १ दिवस. टेकू ठेवायचे १४, सेंटरिंग खोलून जागा साफ करायला २. विटांच्या भिंती १५. आतला गिलावा १२, बाहेरचा १०. फरशी ८. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ६. तुमचे आकडे वेगळे येतील, येऊ देत. ठेकेदार, गवंडी आणि सेंटरिंगवाला यांना वेगवेगळं विचारून ते भरा. तिघांच्या उत्तरांत फरक पडला तर तो फरकच तुम्हाला पुष्कळ काही सांगून जाईल.

ही सगळी कामं एकामागून एक केली तर बेरीज १०० दिवस येते. १ मार्चपासून शंभरावा दिवस म्हणजे ८ जून. ऐन मृग. एकही दिवस वाया गेला नाही, एकही गवंडी आजारी पडला नाही, एकही डंपर चुकला नाही, तरी ८ जून. आपल्याला हवी आहे २० मे, म्हणजे ८१ वा दिवस. तेव्हा १९ दिवस तर काढायचेच आहेत, आणि चुकण्यासाठी थोडे शिल्लकही ठेवायचे आहेत.

ही साखळी शोधायची रीत कारखान्यांतून आली आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्युपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी ती बसवली. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी आपल्यासारखाच होता : काम लवकर संपवायचं तर जादा पैसा कोणत्या कामावर ओतायचा? खोपोलीच्या कारखान्यांत ज्यांनी शटडाउनमध्ये काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. शटडाउनमध्ये शंभर कामं चालू असतात, पण प्लांट कधी सुरू होणार ते त्यातली आठ-दहाच ठरवतात. बाकीच्यांना सवड असते. सवड असलेलं काम लवकर उरकून प्लांट एक तासही आधी सुरू होत नाही.

आता यादीकडे त्या नजरेने पाहू. कॉलम भरल्यावर सात दिवस थांबायचं असं आपण लिहिलं. पण कॉलमचा साचा १६ ते २४ तासांनी निघतो, आणि स्लॅबच्या सेंटरिंगचे टेकू उभे राहतात ते जोत्यावर, कॉलमवर नाही. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी मारणं चालू ठेवा आणि दोन दिवसांनी शेजारी टेकू लावायला घ्या. पाणी मारण्याचे दिवस तेवढेच राहतात, वाट पाहण्याचे ५ दिवस जातात. मात्र कोवळ्या कॉलमला फळी ठोकायची नाही, पाड बांधायचा नाही, हे सेंटरिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा. विजेचे पाइप सळई बांधत असतानाच टाकायचे असतात, खालची जाळी झाली की पाइप, मग वरची सळई. त्यासाठी वेगळे २ दिवस लागत नाहीत, फक्त इलेक्ट्रिशियनला योग्य दिवशी हजर करावं लागतं, आणि पंखा कुठे, दिवा कुठे हे घरातल्यांनी आधी ठरवावं लागतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग सेंटरिंग निघाल्यावर वर चालू शकतं, त्याच वेळी खाली गवंडी भिंती चढवत असतात. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ते ६ दिवस साखळीबाहेर गेले. या तिन्हींत १३ दिवस मिळाले आणि एक रुपयाही जास्त लागला नाही.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे : पावसाला नेमकं काय पूर्ण हवंय? घरमालकाच्या मनात ‘घर पूर्ण’ म्हणजे रंग, फरशी, दारावर तोरण. पावसाच्या हिशेबाने घर पूर्ण म्हणजे वर पाणी न झिरपणारा स्लॅब, बाहेरून गिलावा झालेल्या भिंती, खिडक्यांना वर छज्जा आणि आत झडप, दाराला चौकट, आणि अंगणातलं पाणी जोत्यापासून लांब जाण्याची वाट. बस्स. फरशी छपराखाली बसते, जुलैतही बसते. तिचे ८ दिवस यादीतून काढा. आतला गिलावाही पावसात होतो. सुकायला वेळ घेतो आणि रंगासाठी दिवाळीपर्यंत थांबावं लागतं, पण होतो. पैसे हातात असतील तर आत आणि बाहेर दोन वेगळ्या टोळ्या लावा. बाहेरचे १० दिवस आतल्या १२ दिवसांत मुरून जातील. आता एकूण झाले ६९ दिवस, म्हणजे ८ मे. २० मेच्या आधी १२ दिवस शिल्लक. पैसे नसतील तर आतला गिलावा सरळ पावसात ढकला आणि बाहेरचा आधी घ्या, तरी ६७ दिवसांत पावसापुरतं घर तयार होतं. दुसऱ्या टोळीने फक्त आतला गिलावा मिळतो, तारीख नाही. हे कळलं की ती टोळी लावायची की नाही ते शांतपणे ठरवता येतं.

आपल्या दारातलाच मोठा दाखला घ्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरमधून जातो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा तो रस्ता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. निविदा १८ डिसेंबर १९९७ ला आल्या आणि १ जानेवारी १९९८ ला चार ठेकेदारांना एकाच दिवशी कामाचे आदेश गेले. रस्ता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला नाही, चार तुकडे एकदम सुरू झाले. शिवाय सगळं पुरं होण्याची वाट न पाहता २००० मध्ये काही भाग वाहतुकीला खुले झाले आणि २००२ मध्ये पूर्ण मार्ग. एकमेकांच्या वाटेत न येणारी कामं एकदम लावणं आणि ज्याचा उपयोग आधी हवा ते आधी उघडणं, या दोन्ही गोष्टी सहाशे फुटांच्या घरालाही लागू पडतात.

त्याच मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या नव्या ‘मिसिंग लिंक’ने मात्र दुसरी बाजू दाखवली. १३.३ किलोमीटरच्या या कामाला २०१९ मध्ये सुरुवात झाली आणि पुरं होण्याची तारीख पुन्हापुन्हा पुढे गेली. त्यात जवळपास नऊ किलोमीटरचा एक बोगदा आहे आणि दरीवर तारांनी तोललेला पूल आहे. घाटातल्या वाऱ्यापावसात उंच खांबावर एका वेळी किती माणसं चढवणार? साखळीतलं कठीण काम जिथे अरुंद असतं तिथे पैसा आणि माणसं दोन्ही बाहेरच उभी राहतात.

पैसा कुठे दिवस विकत घेतो

म्हणून जादा पैसा खर्चण्याआधी प्रत्येक वेळी विचारा : हे काम साखळीत आहे का, आणि पैशाने त्याचे दिवस खरंच कमी होतात का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच पाकीट काढा.

रेडीमिक्स मागवून स्लॅब टाकला तर मिश्रण चांगलं मिळतं, दिवसभराची दमछाक वाचते. पण स्लॅब मिक्सरवरही एका दिवसात पडतो, रेडीमिक्सनेही एका दिवसात पडतो. वेळापत्रकात तुम्ही काहीच मिळवलेलं नसतं. गाडी गावच्या रस्त्याने आत येत असेल आणि दर्जासाठी हवं असेल तर जरूर घ्या, घाईचं औषध म्हणून घेऊ नका. वॉटरप्रूफिंगवाल्याला जादा देऊन सहाचे चार दिवस करून घेणं तर निव्वळ वाया. त्याच्याजवळ तीन आठवड्यांची सवड पडून आहे.

भिंतींचं तसं नाही. त्या १५ दिवसांच्या आहेत आणि थेट साखळीत आहेत. तिथे गवंड्यांची दुसरी जोडी लावली तर वेगवेगळ्या खोल्यांत दोन्ही जोड्या काम करतात आणि नऊ-दहा दिवसांत भिंती होतात. पण जोडी म्हणजे जोडी. गवंडी एक वाढवला आणि बिगारी तेवढेच ठेवले तर दोन गवंडी मालाची वाट बघत बसतात. तिसरी जोडी या आकाराच्या घरात मावत नाही, एकमेकांच्या पाडाखाली येतात. विटांऐवजी एएसी ब्लॉक वापरले तरी इथे दिवस वाचतात, कारण एक ब्लॉक कितीतरी विटांची जागा घेतो. भाव, डंपरभाडं आणि तुमच्या गवंड्याला त्या कामाची सवय आहे का, हे बघून ठरवा. सवय नसलेल्या गवंड्याच्या हातून पहिल्या खोलीचा वेळ दुप्पट जातो.

माणसं वाढवून काम लवकर होतं हा समज सगळीकडेच घट्ट आहे. अमेरिकेत संगणकाच्या मोठ्या प्रकल्पांवर काम केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात तो मोडून काढला. उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली की त्यांना शिकवण्यात आणि एकमेकांशी मेळ बसवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि काम आणखी मागे पडतं. मे महिन्यात नाक्यावरून आणलेले चार अनोळखी बिगारी तुमच्या मुकादमाचा पहिला दीड दिवस असाच खातात. त्याच माणसांना मार्चमध्ये, काम कळायला वेळ असताना घेतलं असतं तर फरक दिसला असता.

दोन टोळ्यांमधली फट

माझ्या मते सगळ्यात जास्त दिवस कामात जात नाहीत, दोन कामांच्या मध्ये जातात. सेंटरिंग गुरुवारी संपते. सळईवाला ‘सोमवारी येतो’ म्हणतो आणि बुधवारी येतो. सळई शनिवारी पुरी होते, इंजिनियर मंगळवारी तपासायला येतात, मिक्सर शुक्रवारी मिळतो. कुणीच आळस केला नाही, तरी दहा-अकरा दिवस गेले. हे दिवस कोणत्याही यादीत लिहिलेले नसतात म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. प्रत्येक टोळीला ती यायच्या आठवडाभर आधी तारीख सांगा, तीन दिवस आधी पुन्हा फोन करा, आदल्या दिवशी जागा दाखवायला बोलवा. विसार द्यायचा तर तारखेवर द्या. सळई तपासायला इंजिनियरची वेळ सेंटरिंग चालू असतानाच घेऊन ठेवा. ही तपासणी गाळून दिवस वाचवायचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे, कारण काँक्रीटखाली गेलेली चूक पुन्हा दिसत नाही. मार्च ते मे तालुक्यातल्या प्रत्येकाला मृगाआधी स्लॅब हवा असतो. सेंटरिंगचं सामान, मिक्सर आणि लिफ्ट मोजकी असतात. तुमचा मुकादम एका वेळी तीन साइट चालवत असतो, आणि जो घरमालक जागेवर दिसत नाही त्याची माणसं आधी हलवली जातात. मुंबईत नोकरी करून शनिवार-रविवारी गावी येणाऱ्यांनी रोज संध्याकाळी जागेचा फोटो पाठवणारा एक नातेवाईक ठरवून ठेवावा.

यादीत सुट्ट्याही लिहा. शिमग्याचे दिवस, गुढीपाडवा, गावची जत्रा, आणि मेमधली लगीनसराई. ही चोरी नव्हे, माणसं जाणारच आहेत. ते दिवस आधीच वजा केले तर भांडण होत नाही. शिमगा कॉलमच्या पाण्याच्या दिवसांत आला तर नुकसान जवळजवळ शून्य, सेंटरिंगच्या मध्यावर आला तर चार दिवस गेले. काम चार दिवस मागेपुढे करून असे मेळ बसवता येतात.

विटांचं वेगळं बघा. इथल्या भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पाऊस जवळ आला की बंद होतात. भट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबं तेव्हा आपापल्या वाड्यांवर परततात. मेच्या शेवटी भट्टीवर जे उरतं ते निवडून उरलेलं असतं, आणि एखादा वळीव आला तर कच्च्या विटा भिजून मातीला मिळतात. भिंती एप्रिलमध्ये असल्या तरी विटा मार्चमध्येच जागेवर आणून रचून ठेवा. खिडक्यांचं मापही स्लॅब पडल्याबरोबर द्या, कारण अॅल्युमिनियमवाल्याकडे याच महिन्यांत रांग असते. मापं एकदा दिली की बदलू नका. घरमालकाने मध्येच केलेला बदल हा ठेकेदाराच्या उशिरापेक्षा जास्त दिवस खातो, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही.

काँक्रीटचे दिवस

यादीतले १४ दिवस मी हातही न लावता ठेवले. ते तसेच राहू द्यावेत. आपल्याकडे काँक्रीटच्या कामाला भारतीय मानक ४५६ लागू आहे. त्यानुसार साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीम आणि कमानीखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून मोठ्याला २१. घराच्या स्लॅबला बीम असतातच, म्हणून १४ धरले. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट राख मिसळलेलं, पीपीसी असतं. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, तेव्हा इंजिनियरने आणखी थांबायला सांगितलं तर वाद घालू नका. पाण्याचंही तसंच आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान १०, आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस ओलं ठेवावं अशी शिफारस आहे. म्हणजे टेकू आणि पाणी यांचे दिवस बरोबरीने चालतात. पाणी चुकवून काहीच मिळत नाही.

हे दिवस कमी करायचा एक रीतसर मार्ग आहे : जास्त ताकदीचं काँक्रीट वापरायचं, ठोकळे पाडून प्रयोगशाळेत दाबून बघायचे, आणि इंजिनियरने लेखी दिलं तर टेकू आधी काढायचे. मोठ्या इमारतींत हे चालतं. एका घरासाठी तो खटाटोप परवडत नाही. ‘आमचा स्लॅब सातव्या दिवशी खोलला, काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतील. वाकलेला बीम आणि पाचव्या वर्षी पडलेली चीर त्या सातव्या दिवसाशी जोडायला पुढे कुणी जात नाही, एवढंच.

पाण्याची सोय हीसुद्धा साखळीतलीच कडी समजा. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती असते, भिवपुरीच्या केंद्रामुळे कर्जतची पेज नदीही. पण डोंगराकडच्या वाड्यांत एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसतो आणि प्यायलाही टँकर लागतो. तिथे स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवायचं तर ते कुठून येणार हे स्लॅबच्या आधी ठरायला हवं. वाडीवरच्या बायकांनी लांबून डोक्यावर आणलेलं पाणी त्यासाठी कुणी गृहीत धरू नये. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात घाला, कॉलमना गोणपाट आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळा, म्हणजे कमी पाण्यात भागतं. आणि स्लॅब भल्या पहाटे सुरू करा. या भागात मार्च-एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. दुपारच्या उन्हात माल घट्ट होऊ लागतो, मग तो सरकावा म्हणून कुणीतरी मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त घालतो, आणि तिथेच स्लॅबची ताकद जाते.

घाईत केलेलं बांधकाम काय करतं त्याची या भागातली जुनी खूण बोरघाटात आहे. कर्जतवरून वर चढणारा रेल्वेमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये पुरा झाला. २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि दर पावसाळ्यात तुटणारं काम. मधेच १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला, पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही दिवसांतच वारला. पुढे त्याची पत्नी अॅलिस हिने अनुभवी व्यवस्थापक नेमून काम तडीस नेलं. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. दाटीवाटीच्या तळांवर, घाण पाण्यावर त्यांच्यात पटकी पसरली आणि हजारो गेले. आणि १८६७ च्या जुलैत, पुरे झाल्यावर चार वर्षांनी, त्या मार्गावरचा माहुकीमाळीचा दगडी पूल कोसळला. बांधकाम निकृष्ट होतं. माणसांवर आणि चुन्यावर जे वाचवलं ते पुन्हा बांधण्यात गेलं.

म्हणून तुमच्या साइटवरच्या माणसांना दुपारी बारा ते तीन सावली आणि प्यायला स्वच्छ पाणी मिळतं का ते बघा. सकाळी सहाला सुरुवात, दुपारी विसावा, संध्याकाळी सातपर्यंत काम, असं वेळापत्रक मे महिन्यात जास्त काम देतं. उजेडासाठी दिवे लावून रात्री पाडावर चढवलेला थकलेला माणूस खाली पडला तर काम थांबेलच, पण ती त्यातली सगळ्यात लहान गोष्ट असेल.

घरकुल आणि हप्ते

प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल बांधणाऱ्यांची साखळी थोडी वेगळी असते. तिथे कड्या हप्त्यांच्या असतात. सपाट भागात १ लाख २० हजार आणि कातकरींसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ पासूनच्या पीएम जनमन योजनेत २ लाख रुपये, टप्प्याटप्प्याने खात्यात येतात, आणि पुढचा टप्पा झालेल्या कामाचा जागेवर काढलेला फोटो चढवल्यावर सुटतो. फोटो काढायला आठवडा लागला तर काम आठवडाभर बंद. जोतं पुरं होणार त्याच्या दोन दिवस आधीच ग्रामपंचायतीत कळवा, गृहनिर्माण अभियंत्याचा दिवस मागून घ्या. दुसरं, २५ चौरस मीटरच्या घराला स्लॅबच हवा असं नाही. पत्र्याचं छप्पर घेतलं तर सेंटरिंग, टेकू आणि पाण्याचे दिवस साखळीतून निघून जातात. तो निर्णय फेब्रुवारीत घेतला तर भिंती त्या हिशेबाने बांधता येतात. मेमध्ये नाइलाजाने घेतला तर पत्रा नीट बसत नाही आणि पहिल्या वादळात उडतो.

निवारा आणि घर या दोन गरजा वेगळ्या मोजायचं भानही ठेवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौक गावाजवळच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना आधी कंटेनरच्या तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलं आणि पक्की घरं सिडकोने नंतर बांधली. डोक्यावर छप्पर ताबडतोब हवं होतं, पण पाया त्या घाईत घालायचा नव्हता. तुमचं जुनं घर पाडायच्या आधी पावसाळा कुठे काढणार हे ठरलेलं असेल, भाड्याची खोली असो की भावाची पडवी, तर मेमध्ये टेकू लवकर काढायचा दबाव तुमच्यावर येत नाही. दोन-तीन महिन्यांचं भाडं त्या मानाने काहीच नाही.

आता तीन तारखा भिंतीवर लिहून ठेवा, वरच्या आकड्यांवरूनच काढलेल्या. ९ एप्रिलपर्यंत स्लॅब पडला तर टेकूचे १४ दिवस, साफसफाईचे २, भिंतींचे १५ आणि बाहेरच्या गिलाव्याचे १० पुरे करून २० मे गाठता येते. १९ एप्रिलपर्यंत पडला तर भिंती होतील, गिलावा राहील. मग निदान पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर आधी हात मारून घ्या, पावसाची झोड तिकडूनच येते. ४ मेपर्यंत पडला तर फक्त स्लॅब होऊन टेकू निघतील. घट्ट झालेल्या स्लॅबवर नंतर पाऊस पडला तर त्याचं नुकसान काही नाही, उलट फुकट पाणी मिळतं.

४ मे उलटली आणि स्लॅब पडला नाही, तर टाकू नका. टेकू जोत्यातल्या भरावावर उभे असतात, आणि पहिल्या सरीने तो भिजून बसला की टेकू खचतात, त्याबरोबर कोवळा स्लॅब वाकतो. सेंटरिंगही पावसाळाभर उभी ठेवू नका, फळ्या कुजतात आणि भाडं चढत राहतं. कॉलमच्या वर आलेल्या सळयांना सिमेंटचं पाणी घट्ट करून दोन हात लावा आणि वरून प्लॅस्टिक बांधा, नाहीतर दिवाळीपर्यंत गंज चढतो. जोत्याभोवती चर काढून पाणी उताराकडे वळवा. आणलेलं सिमेंट दुकानदार परत घेत असेल तर द्या, गोणीत तीन महिन्यांहून जास्त राहिलेलं सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला वापरायचं नसतं. आणि सेंटरिंगवाल्याशी पुढची तारीख नवरात्राच्या आतच पक्की करा, कारण नंतर भातकापणी लागते आणि दिवाळीपर्यंत गावात हात मिळत नाहीत.